तापीत रुतलेला दुसरा नांगर

मी निघायचं ठरवलं ते एका अर्धवट फोनमुळे. नाना माझा शाळासोबती. मुंबईच्या बंदरात उभी हयात काढून तो शिंदखेडा तालुक्यात, तापीकाठच्या आपल्या गावी परतला आणि दोन वर्षं खपून त्याने एक होडी बांधली. दोघांना झोपता येईल अशी खोली, इंजिन, वर ताडपत्रीचं छप्पर. "चार दिवस नदीवर हिंडू, ये," असं तो वर्षभर म्हणत होता. त्या दिवशी फोनवर म्हणाला, "ये तू, पण दुसरा नांगर लागतोय रे. एकाने भागत नाही. तुझ्या रावेरात वेल्डर..." पुढे नुसती खरखर. शेवटी एकच शब्द आला, "आण!"

नानाची नदीकाठी थोडी शेतीही आहे. वेल्डर कशाला हवा ते मला कळेना, पण आमच्या माळ्यावर एकबैली लोखंडी नांगर पडूनच होता. बैल गेले, ट्रॅक्टर आले, तो राहिला. पोत्यात गुंडाळून मी निघालो.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी: रावेरहून भुसावळ, तिथे गाडी बदलून सुरतेकडे जाणारी पॅसेंजर, उतरायचं नरडाण्याला. तिकीट अगदी किरकोळ, पण भुसावळला दोन तास बसायची तयारी ठेवा. डब्यात चढवताना हमालाने पोतं चाचपलं. "काय आहे आबा?"

"नांगर."

"नरडाण्याकडे ट्रॅक्टर मिळत नाहीत का?"

डब्यातले सगळे हसले, मीही हसलो. खिडकीतून कापसाची मोकळी रानं दिसत होती आणि मी विचार करत होतो, होडीवर हिंडायला बोलावणारा माणूस नांगरणी कधी करणार?

नरडाण्याहून काळीपिवळी जीपने अर्धा-पाऊण तास. रस्ता बरा आहे, शेवटचा तुकडा सोडून. नाना काठावरच उभा होता. मी पोतं सोडलं. तो नांगराकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.

"हा काय आणलास?"

"दुसरा नांगर."

"अरे, होडीचा! पाण्यात टाकायचा!"

मग मला आठवलं. शाळेतल्या एका कवितेत जहाज नांगर उचलून निघायचं आणि आम्ही अख्ख्या वर्गाने वहीत जहाजावर खराखुरा नांगर काढला होता, मागे मूठ, पुढे फाळ. समुद्र कुणी पाहिला होता? गुरुजींनीही सगळ्या चित्रांवर बरोबरची खूण केली. साठ वर्षं मी त्याच चित्रावर विसंबून होतो म्हणायचं.

नानाला मात्र हसू येत नव्हतं. त्याच्या होडीला एकच नांगर होता. दुपारनंतर वारा फिरतो, तो नांगर गाळातून सुटतो आणि होडी वाहत जाते. दोनदा ती वाहून गावातल्या मासे धरणाऱ्या लताअक्काच्या जाळ्यात शिरली होती. मासेमारी करणाऱ्यांनी बसून ठरवलं होतं: तिसऱ्यांदा जाळं फाटलं, तर होडी पाण्याबाहेर. "दोन नांगर कोन करून टाकले की एक सुटला तरी दुसरा धरतो," नानाने वाळूत रेघा ओढून दाखवलं. मला दोन्ही रेघा सारख्याच दिसल्या.

तेवढ्यात अक्काच आली. पन्नाशीची बाई, कमरेला पदर खोचलेला, बोलणं अहिराणी.

"हाई काय शे नाना? पानीमा गहू पेरतस का?"

"या भाऊने आणलाय."

तिने माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, बैल कोठे शेतस?"

मी म्हटलं, "बैल विकले."

ती पोट धरून हसली. मग वाकून तिने फाळावरून बोट फिरवलं. म्हणाली, "चांगला शे."

ती मासे धरते तशी शेतीही करते. नाना नको नको म्हणत असताना तिने तो नांगर कमरेइतक्या पाण्यात नेला, गाळात उभा धरला आणि पायाने दाबला. नानाने मुठीला दोर बांधायला घेतला, तशी ओरडली, "तठे नही! जठे बैल जुपतस तठे बांधा. आनि दोर लांब सोडा. वर वढशात ते फाळ निंघी जाई."

नानाने दोर सोडून तिथे बांधला. नंतर मला हळूच म्हणाला, "बंदरात आम्हाला हेच शिकवलं होतं. ओढ आडवी हवी, दोर खोलीच्या पाच-सातपट."

जेवण नानाच्या घरी: ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, भरीत, तिखट शेवभाजी. पाणी जवळ ठेवा.

चारच्या सुमारास वारा फिरला. आम्ही होडीत होतो. पुढचा दोर ताठ झाला, थरथरला आणि एकदम सैल पडला. पहिला नांगर सुटला होता. होडीचं तोंड वळू लागलं. अक्काच्या जाळ्याचे थर्माकोलचे तुकडे जवळ येऊ लागले. नाना इंजिनाची दोरी ओढत होता, ते लागेना. मी कुठला दोर धरायचा तेच मला कळत नव्हतं. मी दोन्ही धरले.

मग दुसरा दोर पाण्यातून वर आला, निथळणारा, सरळ. होडीला हिसका बसला आणि ती थांबली. जाळं दोन हातांवर होतं.

काठावरून अक्काचा आवाज आला, "होडी ऱ्हाऊ द्या नाना आते! पन तो नांगर काढाना नही!"

दुसऱ्या दिवशी होडीने जवळच्या संगमाकडे निघायचं होतं. आम्ही तिघांनी ओढून पाहिलं, नांगर तसूभर हलला नाही. अक्का म्हणाली, खरा नांगर येईपर्यंत होडी इथून हलवायची नाही. चार दिवस आम्ही हिंडलो नाही. एकाच जागी बसून बगळे पाहिले, चहा प्यायलो, आठवतील तेवढ्या कविता म्हटल्या. नाना मधूनच दोराला हात लावून बघायचा.

आता रावेरला परत येऊन आठ दिवस झाले. वेल्डरला मी स्वतः जाऊन कागदावर चित्र काढून दिलं आहे, नानाकडून दोनदा तपासून. तरी मनातला गुंता सुटत नाही. मी चुकीची वस्तू नेली, म्हणून होडी पाण्यात राहिली. होडी राहिली, म्हणून निघता आलं नाही. हिंडायला बांधलेल्या होडीचं मी भलं केलं की तिला अडकवलं?

काल नानाला फोनवर हेच विचारलं. फोनमध्ये नुसती खरखर आली. मला वाटलं, पुन्हा रेंज गेली. मग नाना म्हणाला, "वारा सुटलाय इथे. काठावर उभा आहे मी. होडीने तोंड बरोबर वाऱ्याकडे केलंय, बघ. अडकलेली होडी अशी वळते का?"