पाण्यात गेलेल्याला अग्नी

हवालदार आबांना एखादी गोष्ट पटली नाही, की ते वाद घालत नसत. तोंड फिरवून थुंकत. पाटणजवळच्या आमच्या गावात पुढाऱ्याने किती थापा मारल्या, हे आबांकडे बघून कळायचं. मी त्यांच्या शेजारी वाढलो. आधी ही सवय घाणेरडी वाटायची. पुढे त्यांचे सोयरे पाहिले आणि वाटलं, हा माणूस फारच कमी थुंकला.

त्यांचा धाकटा मुलगा आरमारात होता. एकाहत्तरच्या लढाईत त्याची बोट बुडाली आणि तो सापडलाच नाही. सरकारने त्याला मृत ठरवलं, पण आबा ऐकत नसत. सांत्वनाला आलेल्यांनाच समजावायचे, "फौजेत मेल्याला आन बेपत्त्याला येगळं धरत्यात. माझा बेपत्ता हाय."

म्हणून त्यांची ही धाकटी सून, आमच्या वहिनी, कुंकू लावायच्या. बायका त्यांना हळदीकुंकवाला बोलवत नसत. आबा मात्र दर संक्रांतीला कासाराला घरी बोलावून त्यांच्या हातात हिरवा चुडा भरायला लावत. सासरा सुनेच्या बांगड्या निवडतो, म्हणून गावाने यथेच्छ दात काढले.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आबांच्या थोरल्या मुलाच्या पोरीचं लग्न सांगलीत ठरलं आणि व्याह्यांनी मेख मारली. घरातल्या गेलेल्या माणसाचं क्रियाकर्म झालेलं नाही, ते आधी उरका. रीत अशी, की देह न मिळालेल्याचा दर्भाचा पुतळा करून जाळायचा आणि मग बायकोचं कुंकू पुसायचं. हे सांगता सांगता व्याही दुसऱ्यांदा चिवडा मागून घेत होते. मला अजून त्या चिवड्याची शिसारी येते. थोरला तर लगेच कबूल झाला. पोरगी आत रडत होती. शेवटी वहिनीच म्हणाल्या, पोरीचं लग्न मोडू नका, पुसा माझं कुंकू. आबा व्याह्यांकडे बघून तोंड फिरवून थुंकले.

कोयनेच्या काठी पुतळा रचला. भावकीतल्या बायका वहिनींना घेरून उभ्या होत्या; एकीने बांगड्या फोडायला नदीतला गोटा आधीच उचलला होता. काय ती तत्परता! भटजींनी मृताचं नाव विचारलं. थोरल्याने तोंड उघडायच्या आत आबांनी स्वतःचं नाव सांगितलं.

"आवं आबा, तुमी जित्तं हायसा की," थोरला म्हणाला.

"पाण्यात गेल्याला कशाला जाळतूस? व्याह्यांस्नी एक मेल्यालं मानूस पायजे न्हवं? मला जाळा. तुझी आई कवाच गेली. माझ्यामागं कुनाचं कुंकू पुसायचं न्हाई."

एखाद्याला तरी लाज वाटेल, असं मला वाटलं होतं. व्याही म्हणाले, विधी झाला म्हणजे झालं, उशीर नको. भटजींनी आबांचंच नाव घेतलं. थोरल्याने जित्या बापाच्या नावाने पुतळा पेटवला आणि पंधरा दिवसांत मांडवात फेटा बांधून मिरवला.

त्यानंतर आबा गावाला अपशकुनी झाले. क्रियाकर्म झालेला माणूस म्हणून पारावर त्यांच्या शेजारून लोक उठून जात. जेवायला वाढायच्या फक्त वहिनी.

पुढे मिरजेच्या दवाखान्यात आबा खरोखर गेले. गावी आणल्यावर थोरल्याने निरोप धाडला, की एका माणसाला दोनदा अग्नी देता येत नाही, मी येणार नाही. असला हलकटपणा मी पुन्हा पाहिला नाही. आम्ही चार शेजाऱ्यांनी सरण रचलं. भटजींनी विचारलं, अग्नी कोण देणार, मुलगा कुठाय?

वहिनी मडकं खांद्यावर घेऊन पुढे आल्या.

"मालकांस्नी दर्यातनं यायला जमलं न्हाई," त्या म्हणाल्या. "मी देते."