काकांची हाक

मावशीचं घर जंगलाला लागून आहे. ती घरीच शिवणकाम करते. काका निवृत्त झाल्यापासून दुर्बीण घेऊन दिवसभर गच्चीवर असतात. "अगं, लवकर ये, धनेश!" अशी आरोळी आली की मावशी मशीन सोडून जिना चढायची. ती पोचेपर्यंत पक्षी पसार. "हळूबाई आहेस अगदी," काका वर तिलाच ऐकवायचे. तिचं डोकंच फिरायचं.

परवा मुंगशीण पिल्लांना घेऊन चक्क मशीनखालून गेली. मावशीने पायसुद्धा हलवला नाही. एक पिल्लू तिच्या पावलावरून गेलं.

हे कळल्यावर काका चिडले. "मला हाक का नाही मारलीस?"

"हाक मारली की पळतात हो ते! इतके दिवस मी दुसरं काय सांगतेय?"

आता काका शिवणाच्या खोलीतच ठाण मांडून बसतात. मावशीच्या डोक्याला नवा ताप.