खांबाखालचे गुणवंतराव

गुणवंतराव दिवसा कचेरीत फायली हलवत, पण बडोद्यात त्यांना कोणी ओळखत असेल तर मांडवीजवळच्या आखाड्यातले मल्लखांबाचे सर म्हणून. पोरं खांबावर कसरती करत आणि हे खाली झेलायला उभे. बावीस वर्षांत एकही पोर त्यांनी जमिनीवर पडू दिलं नव्हतं. याचा त्यांना गर्व होता, आणि तो नसल्याचं सोंगही त्यांना चांगलं जमे.

दुखणं होतं ते उजव्या घोट्याचं. सोळाव्या वर्षी उडी चुकून तो मुरगळला. वस्ताद भास्कररावांनी तेल चोळलं, पट्टी आवळली आणि चौथ्या दिवशी पुन्हा खांबावर चढवलं. पाय धरून बसायची आखाड्यात पद्धतच नव्हती. तेव्हापासून घोटा कुठेही दगा देई. खड्ड्याचं सोडा, घरातल्या सपाट फरशीवरसुद्धा. अखेर बायकोने, मृदुलाने, त्यांना हरणी भागातल्या एका तरुण फिजिओथेरपिस्टकडे ओढत नेलं. ती पोरगी म्हणाली, "काका, सांधा धरून ठेवणारे बंध ढिले पडलेत, आणि पायाला स्वतःला सावरायची सवय राहिलेली नाही. एका पायावर उभं राहायचं, रबरी पट्ट्याचे व्यायाम करायचे, निदान तीन महिने नेमाने. आणि मी सांगेपर्यंत मुलांना झेलायचं नाही."

व्यायाम आठ दिवस झाले. दुखायचं थांबलं, तसे तेही थांबले. झेलण्याबद्दल मात्र त्यांनी आखाड्यात अवाक्षर काढलं नाही. काढलं असतं तर खांबाखाली दुसरा कुणी उभा राहिला असता, आणि ते त्यांना सोसणारं नव्हतं.

एका शनिवारी बारा वर्षांची मालविका वरून सुटली. गुणवंतराव पुढे सरले, घोटा आत वळला आणि ते स्वतःच कोलमडले. मुलगी त्यांच्या हातांना घासून गादीबाहेर पडली. तिचा पाय बघता बघता सुजला.

म्हातारे भास्करराव तेलाची बाटली घेऊन आले. "काही नाही गं, चालशे, चालून जाईल! चार दिवसांत खांबावर चढशील."

"तेल नको," गुणवंतराव तिचा हात धरून म्हणाले. लाजेने त्यांना मान वर करवेना. "बर्फ आणा, मग एक्स-रे काढू. आणि तिची चूक नाही, वस्ताद. माझा पाय वळला. नेहमीच वळतो. मला झेलायची मनाई होती."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

आता होळी तोंडावर आली होती. मालविकेने एकदा सरांकडे पाहिलं आणि आपला हात सोडवून घेतला.