मागच्या दाराजवळचं टेबल

दुलीचंदच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी चिडलेलाच होतो. शनिवारची दुपार, किशनसेठच्या बारमध्ये आमच्या टेबलावर झिंगे-वांग्याची भाजी येऊन पडलेली, आणि हा गडी नेहमीसारखा बेपत्ता. फोन उचलून मी सरळ म्हणालो, "तुझ्या बापाले सांग, मी जेवून घेऊन राहिलो." पलीकडून पोरगा म्हणाला, "काका, बाबा गेले."

दुलीचंद कुमरे आणि मी वसतिगृहात एका खोलीत राहिलो. तो जंगलपट्ट्यातल्या गोंड घरचा, पुढे वनखात्यात लागला. मी दवनीवाड्याकडच्या बौद्ध घरचा, तिरोड्यात मास्तर झालो. शनिवारी शाळा सकाळची, म्हणून दुपारी किशनसेठकडे बसायचं, हे कित्येक वर्षं चाललं. बार म्हणजे काय, चार टेबलं, एक खडखडणारा कूलर आणि आत सेठच्या बायकोचं स्वयंपाकघर. मी पीत नाही. तिच्या हातच्या झिंग्यांसाठी जायचो, आणि या माणसासाठी.

पण त्याच्यासोबत जेवणं म्हणजे डोक्याला ताप. ग्लास भरला की तो उठून मागच्या दाराबाहेर जायचा आणि पूर्वजांच्या नावानं दोन थेंब जमिनीवर सांडायचा. मातीच लागायची त्याला, फरशी चालायची नाही. म्हणून तर ते मागच्या दाराजवळचं टेबल. आणि तो परत येईपर्यंत मी घास उचलायचा नाही, हा त्याचा कायदा. बरं, दोन थेंब सांडून माणसानं परत यावं की नाही? हा तिथं उभा राहून आजा, पणजा, आत्या, मामा, एकेकाचं नाव घ्यायचा. गावात कोणी गेलं की यादी आणखी लांबायची. माझा या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही, त्यामुळे भूक जास्तच लागायची.

"भाजी थंडी होऊन राहिली ना बे," मी ओरडायचो.

"काऊन तापून राहिला? आधी मोठ्यायले, मंग आपल्याले."

"तुझे मोठे कवाचे गेले. मी इथं भुकेनं मरून राहिलो."

"गेले म्हणूनच त मोठे झाले," म्हणायचा, आणि शांतपणे ताट पुढे ओढायचा.

त्या शनिवारी सकाळपासून त्याच्या छातीत दुखत होतं. मुलगा त्याला डॉक्टरकडे घेऊन गेला. नंबर आला, तर या शहाण्यानं मागं बसलेल्या एका म्हातारीला पुढं केलं. आधी मोठ्यायले. ती आत असतानाच हा बाकावर कलंडला. थोडं आधी आत गेला असता तरी काही फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. पडला असता की नसता, कोण सांगणार? मला अजून त्याचा राग येतो. रडू नंतर येतं, आधी रागच येतो... जन्मभर मला ताटकळत ठेवलं आणि स्वतःला मात्र थांबता आलं नाही.

परवा पुन्हा गेलो. जेवणाबरोबर त्याचा ग्लासही मागवला. तो मोठा झाला होता ना आता. मागचं दार उघडलं तर बाहेर अंगणभर नवे पेव्हर ब्लॉक, भिंतीपासून भिंतीपर्यंत.

किशनसेठ मागं येऊन उभा राहिला. "कुमरेजी बारिश में कीचड़ में खड़े रहते थे, सर. सोचा, उनके लिए पक्का करवा दूँ. दिखाना था उनको..." इतकी वर्षं त्यानं दुलीचंदला तिथं उभं राहिलेलं पाहिलं, पण कशासाठी ते कधी विचारलं नव्हतं.

ग्लास घेऊन मी पुढच्या दारानं बाहेर पडलो. रस्ता सिमेंटचा. नाली सिमेंटची. पानठेल्यापुढं फरशी. ओळखीचे पालक टकमक बघत होते, मास्तर भर दुपारी हातात दारूचा ग्लास घेऊन कुठं निघाले म्हणून. बघेनात का. शेवटी राइस मिलच्या कुंपणाबाहेर, एका बाभळीच्या बुडाशी हातभर माती सापडली. त्याच्या आज्या-पणज्याची नावं मला कुठं ठाऊक? मी एकच नाव घेतलं आणि ग्लास रिकामा केला.

परत येऊन टेबलावर बसलो. सेठच्या बायकोनं आतून विचारलं, "सर, भाजी गरम कर दूँ?"

नको म्हणालो. थंडीच खाल्ली.