डाव्या कडेवर

उभी राहिले की मी डावीकडे कलते. मद्रासमध्ये नुंगंबाक्कमच्या बसस्टॉपवर कॉलेजच्या मैत्रिणींनी हे दाखवून दिलं, तोवर मला पत्ताच नव्हता. "कोणाला कडेवर घेतलंयस गं?" एकीने विचारलं आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. उत्तर तेव्हा सुचलं नाही, ते इथे देऊन बघते. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मीच पहिली, त्यामुळे लिहिलेलं वाचून चूक सांगणारं घरी कोणी नाही.

कडेवर धाकटी बहीण असायची. ती दोन वर्षांची असताना ताप आला आणि तिचा डावा पाय लुळा पडला. वडील साताऱ्याकडून नोकरीसाठी मद्रासला आलेले, रेल्वेच्या कारखान्यात फिटर. पोलिओ हा शब्द आईने इथल्या सरकारी दवाखान्यातच पहिल्यांदा ऐकला. पुढे बहिणीच्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट आला. त्यात ती उभी राहायची, चार पावलं टाकायची, पण शाळेपर्यंत चालणं शक्य नव्हतं. मोठ्या बाई म्हणाल्या, "मोठी बहीण आणत-नेत असेल तर घेते पहिलीत." मी पाचवीत होते. अशी ती माझ्या कडेवर बसून शाळेत आली.

डाव्या कडेवर घेतलं की तिचा तो पाय माझ्या पुढच्या बाजूला यायचा. मग तो मला उजव्या हाताने धरता यायचा आणि पट्टी कुठे आपटायची नाही. हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

रस्त्याने जाताना फुलवाली बहिणीच्या केसांत अबोलीचा तुकडा खोवायची. "पाप्पा, पाप्पा," म्हणजे छकुली, छकुली करत दुकानदार गोळी द्यायचा. मला सगळे एकच सांगायचे, जपून ने. घामाघूम मी व्हायचे आणि लाड तिचे व्हायचे. पण खरं दुखणं संध्याकाळचं होतं. आई रोज संध्याकाळी तिच्या पायाला तेल चोळायची. त्याच वेळी गल्लीतल्या नळाला पाणी यायचं, म्हणून मला कळशी घेऊन रांगेत जावं लागायचं. परत येताना दाराबाहेरूनच दोघींचं हसू ऐकू यायचं. मी आत आले की आई म्हणायची, "आलीस? ओत पिंपात."

मला फार काही नको होतं. आई एकदा तरी शाळेत यावी आणि तिने नुसतं माझ्याकडे बघावं, एवढंच.

म्हणून शाळेच्या वार्षिक समारंभासाठी टीचरनी मला कोलाट्टममध्ये निवडलं तेव्हा मला आकाश ठेंगणं झालं. वर आढ्याच्या कडीला रंगीत दोऱ्या बांधायच्या, प्रत्येक मुलीने एका हातात आपली दोरी आणि दुसऱ्या हातात टिपरी धरून नाचायचं, एकमेकींच्या आतून-बाहेरून जात दोऱ्यांची वेणी विणायची आणि मग उलटं नाचून ती सोडवायची. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, हा तर आपला गोफ!" आणि लगेच, "पण शाळा सुटल्यावर तालीम म्हणजे धाकटीला घरी कोण आणणार?"

"बसेल ती तिथेच," मी म्हटलं.

तालमीच्या पहिल्याच दिवशी मी तिला कोपऱ्यात, खिडकीकडे तोंड करून बसवलं.

"मला दिसत नाही, अक्का."

"रस्ता दिसतोय ना? तो बघ."

काही दिवस ठीक गेलं. मग एकदा गोफ विणून झाला आणि सोडवताना वरच अडकला. ओढावं तसा घट्ट होत होता. टीचर खुर्चीवर चढल्या, त्यांनाही गाठ सापडेना. तेवढ्यात कोपऱ्यातून तमिळमध्ये आवाज आला, "टीचर, हिरवी दोरी. अक्का दोनदा आतून गेली."

ती कधीच वळून बसली होती. हिरवी दोरी माझी होती. सगळ्या मुली फिदीफिदी हसल्या. टीचरनी हिरवी दोरी सोडवली आणि गोफ सुटला. त्यांनी बहिणीला उचललं आणि स्टुलावर, अगदी कडीच्या खाली, आम्हा सगळ्यांच्या मधोमध बसवलं. "आता तूच सांगायचं, पाप्पा. उळ्ळे, वेळिये." आत, बाहेर. हातात टाळ दिले. त्या दिवसापासून नाच तिचा झाला, आम्ही तिच्याभोवती फिरायला.

घरी जाताना मी तिचा पाय जरा आवळूनच धरला.

"तुला कुठून येतं गं हे?"

"आईने शिकवलं. माझ्या अंगठ्याला नाड्या बांधते आणि विणते. तेल लावताना मी हलू नये म्हणून."

म्हणजे संध्याकाळचं ते हसू हे होतं. त्या दिवशी पाणी भरून आल्यावर मी कळशी खाली ठेवली आणि आईला म्हटलं, "मलाही शिकव गोफ." ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुला काय गं, तुला येतंच की सगळं."

ते वाक्य मला अजून ऐकू येतं. तिने ते कौतुकाने म्हटलं असेल. मला वाटलं, पाय धड असल्याची ही शिक्षा.

समारंभाला आई आली. नऊवारी नेसलेली ती एकटीच, म्हणून गर्दीतही लगेच दिसली. मला मागून आणलेलं रेशमी परकर-पोलकं घातलं होतं, ते चुरगळेल म्हणून टीचर म्हणाल्या, "पाप्पाला दुसऱ्या कोणीतरी घ्या." आमच्यातली सगळ्यांत उंच मुलगी पुढे झाली आणि तिने बहिणीला उजव्या कडेवर टाकलं. बहिणीने खुशाल तिच्या गळ्यात हात घातले.

नाच सुरू झाला. "उळ्ळे! वेळिये!" बहीण टाळ वाजवत ओरडत होती. प्रत्येक फेरीत मी आईकडे बघत होते आणि आई स्टुलाकडे. तिकडे बघता बघता माझं पाऊल पुन्हा आतच वळणार, एवढ्यात खालून हळूच मराठीत आलं, "अक्का, बाहेर." मी बाहेरून गेले. गोफ सुटला, टाळ्या पडल्या.

उंच मुलगी तिला कडेवर घेऊन सगळ्यांच्या आयांना दाखवत हिंडायला लागली. "असू दे," आई मला म्हणाली, "तूही मोकळी हो जरा." मला हेच तर हवं होतं ना? पण मोकळे हात कुठे ठेवावेत ते मला कळेना. मी थेट जाऊन त्या मुलीला म्हटलं, "चुकीच्या कडेवर घेतलंयस. पाय लागतोय तिचा." तिने घाबरून बहिणीला माझ्याकडे दिलं. माझं रेशमी पोलकं पार चुरगळलं.

"काही लागत नव्हतं," बहीण माझ्या कानात चिडून म्हणाली. "मला मजा येत होती. ती तुझ्यापेक्षा उंच आहे."

मी तिला खाली ठेवलं नाही. आई "आण इकडे" म्हणाली तरी दिलं नाही. घरापर्यंत मीच नेलं.

त्या संध्याकाळी मी नळावर गेले नाही. आई तेलाची वाटी घेऊन बसली तशी मी बहिणीशेजारी आडवी झाले आणि माझा डावा पाय पुढे केला.

"तुझ्या पायाला काय झालं?"

"काही नाही."

आईने माझ्याकडे बघितलं. मग तेलाचा हात माझ्या गुडघ्यापासून घोट्यापर्यंत एकदा फिरवला, आणि पुन्हा बहिणीचा पाय मांडीवर घेतला.

"एकदाच?" बहीण म्हणाली आणि खुदकन हसली. "अक्का, कळशी रिकामी आहे."