फोस्कोने लावलेली किंमत

सान फ्रेदियानोच्या गल्लीत फोस्को बेंचीनीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. थोर चित्रकारांच्या जुन्या चित्रांच्या नकला, लोकांनी दिवाणखान्यात शोभेला लावलेल्या, ओळखायच्या आणि त्यांची किंमत ठरवायची हा त्याचा धंदा. चित्र आलं की तो आधी ते उलटं करी. "तोंड खोटं बोलतं, पाठ नाही बोलत," हे प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकावंच लागे. कापड कुठलं, खिळे कसले, आणि मुख्य म्हणजे मूळ चित्रं जिथे टांगलेली, त्या चित्रशाळेचा शिक्का. तिथे बसून नक्कल करणाऱ्याचं नाव आणि साल त्यातच असे.

तरुणपणी तोही तिथे बसून नकला करी. शेजारी नेदो कास्त्रुच्ची बसे. परदेशी पाहुणे नेमके नेदोपाशी थांबत आणि फोस्कोच्या पोटात दुखे. पुढे नेदोचं नाव झालं आणि फोस्कोने कुंचला खाली ठेवला. तेव्हापासून नेदोची नक्कल दुकानात आली की किंमत दोन पायऱ्या खाली. माणूस कोत्या मनाचा, दुसरं काय.

नेदो वारला. महिन्याभराने त्याची बायको आर्जिया हिरव्या शालीतल्या मॅडोनाची नक्कल घेऊन आली.

"आमच्या निजायच्या खोलीतली आहे. किती येतील?"

नेदोच्या खोलीतली म्हटल्यावर पाठ कशाला बघायची? फोस्कोने चष्माही पुसला नाही.

"ही हनुवटी बघ, कणकेचा गोळा नुसता! आणि शालीचा हिरवा रंग? उकडलेला पालक बरा."

"फोस्को, मेलेल्या माणसाबद्दल तरी बरं बोल."

"मी चित्राबद्दल बोलतोय. चौकटीचे चार पैसे येतील, चित्राचे नाही." त्याने तसं कागदावर लिहिलं आणि सही ठोकली.

आर्जियाने चित्र उलटं केलं. शिक्का ठसठशीत होता. फोस्को बेंचीनी, १९२८.

फोस्कोने आता चष्मा पुसला.

"तू ज्याला विकलंस, त्याच्याकडून नेदोनं ते मागून घेतलं," आर्जिया म्हणाली. "रोज बघायचा. हा हिरवा मला जन्मात जमायचा नाही, म्हणायचा. जाताना म्हणाला, फोस्कोचं फोस्कोला नेऊन दे. तुझ्या तोंडून नेदोबद्दल एकदा बरं ऐकावं, म्हणून किमतीचं निमित्त केलं."

"मग तोंडावर का नाही बोलला कधी?"

"दोनदा आला होता सांगायला. दोन्ही वेळा तू त्याच्याच चित्राची किंमत पाडत होतास. दारातूनच परत आला."

ती चित्र ठेवून निघून गेली. फोस्कोने शालीकडे पाहिलं. हिरवा खरंच सुरेख उतरला होता. नेदोला ते दिसलं होतं, आणि कबूल करताना त्याचं काही झिजलं नव्हतं. मेलेल्याचा हेवा करू नये म्हणतात. त्या दुपारी फोस्कोला नेदोचा जेवढा हेवा वाटला, तेवढा तो जिवंत असताना कधी वाटला नव्हता.