न धुतलेला मापाचा शर्ट

माझ्या मुलीचं ठरलेलं लग्न एका न धुतलेल्या शर्टामुळे मोडता मोडता वाचलं. शर्ट मीच मागवला होता.

मी जळगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. पंचवीस वर्षं झाली. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान हे चार शब्द फळ्यावर इतक्या वेळा लिहिलेत, की किराण्याच्या यादीवरही मी कधी कधी वर 'साहित्य' लिहून मोकळी होते. (दुकानदार समजून घेतो. त्याची दोन्ही मुलं माझ्याच हाताखालून गेली आहेत.) शिवाय दरवर्षी अंधश्रद्धेवरचं भाषण माझ्याकडेच असतं. करणी, भगत, उतारा, लिंबू-मिरची या सगळ्यांना मी चाळीस मिनिटांत झोपवते. समोरच्या पहिल्या तीन रांगांसकट.

आता मुलीचं. सायली सव्वीस वर्षांची, एका सीएच्या ऑफिसात नोकरीला. दोन वर्षांपासून तिला पाळी नियमित येण्यासाठी डॉक्टरांनी हार्मोनच्या गोळ्या दिल्या आहेत. त्या गोळ्या म्हणजे कुटुंब नियोजनाच्याच गोळ्या, पण पाकिटावर काय छापलंय ते आमच्या घरात कुणी मोठ्याने वाचत नाही. आम्ही नुसतं 'गोळी' म्हणतो. पाहण्याच्या कार्यक्रमात हा विषय अजिबात काढायचा नाही, असं मी तिला बजावून ठेवलं होतं. मुलं बघायला येत होती, पोहे खात होती आणि जात होती. अशी सात झाली. आठवा धुळ्याचा चेतन, कृषी महाविद्यालयात शिकवणारा. त्याच्याशी सायली गच्चीवर दहा मिनिटं बोलली आणि खाली येऊन म्हणाली, "चालेल."

मला तेव्हाच संशय यायला हवा होता. चेतन मुलगा चांगलाच, पण दिसायला अगदी गरीब गाय. चष्मा, चापून बसवलेला भांग, बोलणं इतकं हळू की मी त्याला दोनदा 'मागे ऐकू येत नाहीये' म्हणाले. पण मी म्हटलं, मुलीने हो म्हटलंय, पुढच्या तयारीला लागा. पुढचे दोन महिने रोज सकाळी आठला सायलीचा फोन वाजायचा आणि ती फोनकडे बघून हसायची. गुलाबाची फुलं आणि सुप्रभात येत असेल, असं समजून मी दुर्लक्ष केलं.

साखरपुड्याला महिना राहिला असताना आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर तो लेख आला. त्यात लिहिलं होतं की गोळी घेणाऱ्या बाईची पुरुषांबद्दलची आवड बदलते. तिला सौम्य, मवाळ, घरेलू चेहऱ्याचे पुरुष आवडायला लागतात. बाई म्हणे पुरुष निवडते तो निम्मा नाकाने, वासावरून, आणि गोळी त्या नाकातच गडबड करते. मग लग्न होतं, गोळी बंद होते, आणि एके दिवशी बाई शेजारी बघते तर हा कोण?

मी मनातल्या मनात हिशेब मांडला. लग्न मे महिन्यात. डॉक्टर म्हणाल्या होत्या, लग्नानंतर बघू, गोळी बंद करता येईल. म्हणजे बैलपोळ्यापर्यंत माझी मुलगी बॅग घेऊन दारात.

मी नवऱ्याला लेख वाचून दाखवला. तो ठिबकच्या नळ्यांचं कोटेशन बनवत होता. मान वर न करता म्हणाला, "तू तर लग्नाआधी कुठलीच गोळी घेत नव्हतीस. तरी तुला पोळ्यापर्यंत तसंच वाटलं होतं."

मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. विज्ञानात एका उदाहरणावरून अनुमान काढत नाहीत.

सायलीला म्हटलं, महिनाभर गोळी थांबव आणि चेतनकडे पुन्हा नीट बघ. ती म्हणाली, गोळी डॉक्टर थांबवतील, शिक्षकांचा ग्रुप नाही. हे मला पटलं. मग मी प्रयोगाचे दोन भाग केले. गोळी चालू असताना वास आवडतो का, हे आधी नोंदवायचं. बंद झाल्यावर पुन्हा नोंदवायचं. यापुढे या विषयावर मी एक शब्द बोलणार नाही, या बोलीवर सायली तयार झाली. माझं तोंड बंद राहतंय म्हटल्यावर ती काय वाटेल ते हुंगायला तयार होती.

साहित्य म्हणून हवा होता चेतनचा शर्ट. तोही घामाचा.

आमच्याकडे नवऱ्यामुलाचे कपडे मुलीकडचे शिवतात आणि त्यासाठी मुलाकडून मापाचा शर्ट मागवतात. म्हणजे मागायला लाजायचं कारण नव्हतं. मी धुळ्याला विहीणबाईंना फोन लावला. चेतनची आई धुळ्याजवळच्या खेड्यातली, बोलणं अहिराणी, माणूस मोकळा. शर्ट म्हटल्यावर लगेच म्हणाल्या, कालच चार इस्त्री करून आणलेत, त्यातला चांगला पाठवते.

मी म्हटलं, "इस्त्रीचा नको. अंगातून काढलेला द्या. धुवू नका."

"न धुयेल?" त्यांनी विचारलं.

मी घाईने सांगितलं, की सुती कापड धुतलं की आक्रसतं, टेलरचं माप चुकतं. हे शास्त्रीयदृष्ट्या खरंच आहे. मग विहीणबाई सावकाश म्हणाल्या, "बरं. धाडस," म्हणजे धाडते, आणि फोन ठेवला. मला वाटलं, किती समजूतदार बाई.

तिसऱ्या दिवशी ओळखीच्या कंडक्टरच्या हाती एसटीने पिशवी आली. शर्ट होता, अगदी सांगितला तसा. सोबत एक लिंबू होतं आणि काळ्या दोऱ्याचा छोटासा गुंडा. दोरा बटणासाठी असेल असं समजून मी शिवणाच्या डब्यात टाकला. लिंबू रसरशीत होतं. दुसऱ्या दिवशी पोह्यांवर पिळलं.

कृती. पोळ्यांचे स्टीलचे चार डबे घेतले. एकात धुळ्याचा शर्ट, एकात नवऱ्याचा, एकात वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या भावाचा, आणि एकात दुकानातून आणलेला कोरा, तुलनेसाठी. झाकणांवर आकडे चिकटवले. सायलीने एकेक झाकण उघडून नाक घातलं. पहिले तीन डबे निर्विकारपणे संपवले. चौथा उघडला आणि ती खुर्चीसकट मागे सरकली.

"ई! हे कोण? तंबाखू आणि झेंडू छाप बाम?"

तोच चेतनचा डबा होता.

मी वहीत लिहिलं, 'तीव्र नापसंती.' गोळी चालू असताना ही अवस्था, तर बंद झाल्यावर काय? पण सायलीचं लक्ष माझ्या वहीकडे नव्हतं. ती म्हणाली, त्याने तर मला सांगितलं होतं, सुपारीसुद्धा खात नाही. आणि मी पेनाचं टोपण लावेपर्यंत तिने धुळ्याला फोन लावला.

तिने विचारलं, तू तंबाखू खातोस? तो नाही म्हणाला. ती म्हणाली, खोटं बोलू नकोस, तुझा शर्ट माझ्यासमोर पोळ्यांच्या डब्यात आहे. मग त्याने त्याच्या हळू आवाजात विचारलं, माझा शर्ट तुमच्या पोळ्यांच्या डब्यात का आहे?

रविवारी अकरा वाजता धुळ्याची गाडी आमच्या दारात उभी राहिली. चेतन, विहीणबाई आणि चेतनचे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणतात. विहीणबाईंनी पाणीसुद्धा घेतलं नाही. त्या सोफ्याच्या कडेवर बसल्या आणि सरळ मला म्हणाल्या, "खरं सांगा ताई. पोऱ्याना न धुयेल शर्ट कसाले मांगा? कोन्ता भगतकडे लई ग्यात?"

मी! दरवर्षी भाषण देणारी मी! पण त्यांच्या बाजूने बघितलं तर बरोबरच होतं. लग्नाआधी मुलाचा अंगातला कपडा कोण मागतं? मुलाला मुठीत ठेवायला निघालेली सासूच मागते. सगळ्या खानदेशाला जे कळलं असतं, ते एका विज्ञान शिक्षिकेला कळलं नव्हतं.

आता खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी वर्गात सांगते तसं सांगायला सुरुवात केली. हार्मोन, नाक, वास. 'पाळीच्या गोळ्या' हे शब्द आले तेव्हा आबा पंख्याकडे बघायला लागले आणि नवरा फाटकाची कडी तपासायला बाहेर गेला. शेवटी मी म्हटलं, "आणि प्रयोगात सायलीला चेतनचा वास आवडला नाही. तंबाखूचा आला."

विहीणबाईंचा चेहरा बदलला. त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या, "तो चेतनना नव्हता. मी काय येडी शे? पोऱ्याना शर्ट कशी देसू? यास्ना दिधा. यास्वर कसाना बी असर व्हत नही."

सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. आबा पंख्यावरून खाली आले. "तरीच," ते म्हणाले, "आठ दिन व्हयनात, मन्हा शर्ट सापडत नही."

विहीणबाईंनी विचारलं, आणि लिंबू? करणीवर उतारा म्हणून मंतरून पाठवलं होतं ते, काळ्या दोऱ्यासकट. मी पोह्यांचं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. नवरा एव्हाना आत आला होता. ते पोहे त्यानेच खाल्ले होते, दोनदा मागून. तो स्वतःकडे खालून वर बघून म्हणाला, "काही फरक जाणवत नाही."

हसून सगळं संपलं असतं. पण विहीणबाई हसल्या नाहीत. त्या सायलीकडे वळल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "बेटा, गोळी बंद व्हयनी म्हंजे तुले मन्हा पोऱ्या आवडाव नही का?"

चेतन चष्मा पुसायला लागला. चष्मा स्वच्छ होता. साखरपुड्याचा हॉल, छापायला दिलेल्या पत्रिका, टेलरकडचं कापड, सगळं त्या एका प्रश्नावर येऊन थांबलं होतं, आणि तो प्रश्न मीच तिथे आणून ठेवला होता.

सायलीने माझ्याकडे फोन मागितला. लेख काढला आणि म्हणाली, "आई, इथे खाली 'पुढे वाचा' आहे. ते दाबलं होतंस?"

दाबलं नव्हतं.

तिने दाबलं आणि मोठ्याने वाचलं. पुढे लिहिलं होतं, की आधीचे प्रयोग थोड्याच बायकांवर केलेले होते. नंतर खूप जास्त बायकांवर तपासून पाहिलं तेव्हा असा फरक काही दिसला नाही, आणि जाणकारांचं अजून एकमत नाही. (पूर्ण प्रश्न वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका, हे मी पंचवीस वर्षं सांगते आहे.)

मग ती विहीणबाईंना म्हणाली, "काकू, पण गोळीमुळेच मला हा आवडला, हे खरं आहे."

चेतनचा हात चष्म्यावर थांबला.

"आईने सांगू नको म्हटलं होतं, तरी मी गोळीचं सगळ्यांना सांगितलं. आधीच्या सातही जणांना. ऐकलं की ते जिन्याकडे बघायचे. एकाने तर विचारलं, घरच्यांना माहीत आहे का? याने विचारलं, किती वाजता घ्यायची असते. मी म्हटलं, सकाळी आठ, पण मी विसरते."

तिने स्वतःचा फोन विहीणबाईंच्या हातात दिला. रोज सकाळी आठ वाजताचा एकच निरोप, दोन महिन्यांचा, खालपासून वरपर्यंत: 'गोळी?' ना गुलाब, ना सुप्रभात.

विहीणबाईंनी फोन लांब धरून सगळं वाचलं. मग मुलाकडे बघून म्हणाल्या, "मन्ही बीपीनी गोळी कधी ध्यानमा ऱ्हास नही तुन्हा." पण एवढं म्हणून त्यांनी पाणी मागितलं, आणि पाण्यानंतर जेवायला काय आहे ते विचारलं. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. मी भरिताची वांगी भाजायला उठले.

जाऊ मात्र दिलं नाही. विहीणबाईंची नजर कपाटावरच्या डब्यांवर गेली होती. म्हणाल्या, पोरीला हुंगायला लावलं, आता तुम्हीही हुंगा ताई. मी नाही म्हणणार कशी? आबांचा शर्ट आबांनी ताब्यात घेतला, उरलेले तीन डबे सायलीने फिरवून ठेवले आणि मी डोळे मिटले. नवरा समोर येऊन बसला. सत्तावीस वर्षांच्या संसाराची परीक्षा, तीनच पर्याय, आणि पेपर तपासणारा तो.

पहिला डबा मला सहन झाला नाही. दुसरा त्याहून वाईट. तिसरा मात्र उघडला आणि बरं वाटलं. शांत, स्वच्छ, कटकट नसलेला वास. मी आत्मविश्वासाने म्हटलं, "हा. माझा नवरा."

मी डोळे उघडले. माझ्या हातात दुकानातून आणलेला कोरा शर्ट होता, कॉलरला अजून पुठ्ठा लावलेला. तो आजवर कुणीच घातला नव्हता.

आणि मी तर कुठलीच गोळी घेत नाही.